किती हाकांवर

“...आणि सगळ्यात जवळची वाट धरली, तर सव्वाबारा हजार किलोमीटर. आता तुम्हीच सांगा आक्का, हे काय पोहोचताच येऊ नये असं अंतर आहे?”

आवडाक्का वालाच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“कुठनं कुठवर म्हणालास?”

“मुंबई ते व्हँकूव्हर. कॅनडात.”

“हं.”

आणखी एक शेंग सोलून झाली.

विचारणारा अच्युत गणपुले. एका विमानकंपनीत विमानांच्या वाटा आखण्यात त्याचा जन्म गेला. जगातली कुठलीही दोन शहरं सांगा, हा अंतर सांगणार, आणि वर उड्डाणाला किती वेळ लागेल तेही. लग्नाच्या पंगतीत बसला तरी सांगणार. लोक एकदा कौतुकानं विचारत, दुसऱ्यांदा विचारत नसत, तरी हा सांगत असे. माणूस वाईट नव्हता. फक्त कायम बरोबर असायचा, आणि कायम बरोबर असणाऱ्याच्या शेजारी जेवायला बसणं जरा जडच जातं.

आवडाक्का सह्याद्रीतल्या एका माळाच्या टोकाला राहत. खाली दरी, दरीत ओढा, आणि कड्यावर दोन खोल्या नि एक पडवी. त्याला मठ म्हणायचं. गुरू गेल्यावर आक्का तिथं एकट्याच राहिल्या. प्रवचन नाही, अंगारा नाही, गंडादोरा नाही. कुणी विचारलं तर बोलायच्या, तेही मनात आलं तर.

अच्युतची बायको कुमुद ही त्यांची लाडकी शिष्या. तिच्यामागून पिशव्या धरून येता येता अच्युतही शिष्य झाला. गेल्या साली कुमुद गेली. आता तो एकटाच यायचा, पण पिशवी भरून आणायची सवय सुटली नव्हती.

“जवळची वाट म्हंजी कंची?” आक्कांनी विचारलं.

हे विचारायला नको होतं. अच्युत उठला. कोपऱ्यात एक लालभडक भोपळा होता, तो त्यानं उचलून पुढ्यात ठेवला आणि चुलीतला कोळसा घेतला.

“ही पृथ्वी. ही इथे मुंबई. आणि हे... इकडे मागे, व्हँकूव्हर. शाळेतल्या नकाशावर बघितलं तर माणसाला वाटतं, असं आडवं जायचं. चूक! सगळ्यात जवळची वाट वरून जाते. अशी, देठाजवळून. उत्तर ध्रुवाकडून.”

आक्का भोपळ्याकडे बघत राहिल्या.

“म्हंजी ठकू देठाच्या पल्याड ऱ्हाती.”

अच्युतचा हात थांबला. ठकू म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी, शाल्मली. घरातलं हे नाव वर्षभरात त्यानं तोंडात घेतलं नव्हतं.

“हो,” तो म्हणाला. “तिथेच.”

“नि जायाला जेवढी येळ, तेवढीच यायला?”

“नाही. वर हवेत वारे असतात. एका बाजूनं ते पाठीशी येतात, दुसऱ्या बाजूनं छातीवर. त्यामुळे जायची वेळ वेगळी, यायची वेगळी.”

“मंग अंतर येगळं झालं की.”

“अंतर नाही आक्का, वेळ. अंतर तेच राहतं.”

“असं व्हय,” आक्का म्हणाल्या. त्यांना पटलं नव्हतं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

...

अच्युतनं कोळसा खाली ठेवला. हात धोतराला पुसायचे की रुमालाला असा प्रश्न पडल्यासारखा तो उगीच हाताकडे बघत बसला. धोतर तो नेसतच नव्हता.

“मी भोपळ्यावर धडा द्यायला आलो नाही, आक्का. मला तुमच्याकडून एक निवाडा हवाय.”

“बोल.”

“पुढच्या महिन्यात कुमुदचं वर्षश्राद्ध. माझी बहीण म्हणते, ठकू विचारतेय... बाबांनी ये म्हटलं तर येते. मी म्हटलं, रस्ता तिला माहीत आहे. मला बोलवायची गरज काय?”

“खरंच की. गरज काय?”

हे असं चटकन मान्य होईल असं त्याला वाटलं नव्हतं. तो जरा गांगरला आणि मग जोर लावून बोलू लागला.

“तुम्हाला सगळं माहीत नाही. कुमुदला दवाखान्यात नेलं तेव्हाच मी ठकूला कळवलं होतं. तिकडून इथवर, मधलं थांबणं धरूनसुद्धा, एका दिवसाचा प्रवास. कुमुद दोन दिवस होती. दोन दिवस! आणि ही आली कधी, तर सावडायच्या दिवशी. आईची राख बघायला. तिला वेळ होता, आक्का. मी शंभरदा मांडून बघितलंय. ती पोहोचू शकत होती.”

“तिला म्हणालास तसं?”

“म्हणालो. दारातच म्हणालो. ती चप्पल काढत होती.”

“मंग?”

“मग काय... तेरावा होईपर्यंत राहिली. माझ्याशी बोलली नाही. गेली ती गेलीच.”

तो थांबला. कोळशाचा हात शेवटी रुमालाला पुसला.

“माझं गणित चुकलंय का, एवढंच सांगा. चुकलं असेल तर मी बोलावतो. बरोबर असेल तर नाही बोलावणार. मग ते घर नि मी, दोघं आपापले बंद होऊन पडू.”

वर्षभर तो त्या घरात एकट्याचा कुकर लावत होता, आणि शिट्ट्या मोजायला तेवढा चुकत नव्हता.

आक्कांचे हात चालूच होते. सोललेले दाणे एकीकडे, टरफलं दुसरीकडे.

मग त्यांनी दरीच्या पलीकडे हात केला. समोरच्या डोंगराच्या सोंडेवर धनगरांची चार घरं होती. एका घरातून धूर निघत होता.

“ते येसूबाचं घर. हितनं किती लांब?”

अच्युतला जरा हायसं वाटलं. हा प्रश्न त्याच्या हातचा होता. त्यानं डोळे बारीक केले, खिशातला फोन काढून त्यावर काहीतरी बघितलं.

“सरळ रेषेत सहाशे मीटर. पण खाली उतरून, ओढा ओलांडून, वर चढायचं म्हणजे तासभर तरी.”

“चूक.”

“चूक?” त्याच्या कपाळाला आठी पडली. “मग बरोबर किती?”

“कवा इचारतोस, त्यावर हाय.”

“आक्का, अंतर काही रोज बदलत नाही.”

“येसूबाचं बदालतं,” आक्का म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या. “श्रावणात त्याच्या शेळीनं माझा शेवगा खाल्ला. नुकता लावलेला. मी लई तापले. माणसं बसली हुती हितं पडवीत, त्यांच्या देखत त्याला बोलले. म्हणलं, ज्याला शेळी सांभाळता यीना, त्यो घरचं माणूस काय सांभाळणार.”

“मग?”

“त्याचा ल्योक तवाच घर सोडून गेला हुता. मला ठावं हुतं. ठावं असून बोलले.”

शेंग हातातच राहिली होती.

“त्यो उठला नि गेला. रोजचं दूध आणायचा, ते बंद. सांजच्याला मी ह्या कड्यावर येऊन हाक मारते, त्यो तिकडनं ओ देतो, म्हंजी दोघंबी जित्ती हाईत हे कळतं. ती ओ बंद.”

“तुम्ही जाऊन भेटायचं होतं.”

“ह्या गुडघ्यांनी? उतरले असते नि खालीच ऱ्हायले असते. हाक मारायची, तेवढंच माझ्या हातात. रोज मारली.”

“किती दिवस?”

“तू असतास तर मोजलं असतंस,” आक्का म्हणाल्या. “मी नुसती मारली. शेळ्या हाकताना दिसायचा, ऐकू जायचं त्याला. मान वळवायचा न्हाई. त्या दिसांत येसूबा तुझ्या कॅनडाच्याबी पल्याड ऱ्हात हुता, अच्युता.”

“आणि मग?”

“मंग एक दिवस आली ओ. बारीकशी. पान हललं का ओ आली, ते कळंना. दुसऱ्या दिशी सकाळी हितं उंबऱ्यावर ह्यो भोपळा.”

अच्युतनं भोपळ्याकडे बघितलं. त्यावरची आपली मुंबई आणि आपलं व्हँकूव्हर त्याला जरा खोटंखोटं वाटायला लागलं. पण गणपुले इतक्यात हार मानणारे नव्हेत.

“बरं. पण तुमच्या गोष्टीत चूक तुमची होती.”

“व्हय.”

“म्हणून हाक तुम्ही मारलीत.”

“व्हय. ज्याचं चुकलं त्यानं मारावी.”

“झालं तर!” त्यानं मांडीवर थाप मारली. “मीही तेच म्हणतोय. उशीर तिनं केला. मग हाक तिनं मारायला हवी. आधी तिनं.”

“बराबर हाय,” आक्का म्हणाल्या. “पोरीनं न्हाईच मारली म्हण की.”

“नाही मारली.”

“एकदाबी न्हाई?”

“नाही.”

“तू तिला कळवलंस, तवा काय कळवलंस?”

ते त्याला तोंडपाठ होतं. तो कुठलीच गोष्ट विसरत नसे, हीच त्याची अडचण होती.

“लिहिलं, आईला दवाखान्यात ठेवलंय. डॉक्टर काळजीचं म्हणतात. तुझ्याकडून निघणारं पहिलं विमान अमुक वाजता, पुढचं तमुक वाजता. मधे थांबायला इतका वेळ. एकूण प्रवास एवढ्या तासांचा. सगळं होतं त्यात, आक्का. दुसऱ्या कुठल्या बापानं इतकं नीट काढून दिलं नसतं.”

“लई नीट दिलंस. मंग ती काय म्हणाली?”

“तिनं उलट विचारलं...”

दरीतून वारा वर आला. पडवीतली टरफलं थोडी सरकली. आक्कांनी ती हातानं जवळ ओढून घेतली.

“काय इचारलं?”

“तिनं विचारलं,” अच्युत म्हणाला, “बाबा, येऊ का?”

...

आक्कांनी हातातली शेंग खाली ठेवली.

“मंग तू ओ दिलीस?”

“मी... मी लिहिलं, तुझं तू ठरव. वेळ मी कळवलीच आहे.”

हे वाक्य वर्षभर त्याच्या डोक्यात होतं, पण मोठ्यानं म्हटल्यावर ते कसं ऐकू येतं हे त्याला आत्ता कळलं. मुलगी दाराबाहेर उभी राहून विचारतेय आणि बापानं तिला आतून घड्याळ दाखवलं.

“किती येळ वाट बघितली असंल पोरीनं?” आक्कांनी हळूच विचारलं.

ह्याचं उत्तर त्याला येत होतं. तो दुसरा दिवस, जो त्यानं शंभरदा मांडून तिच्या नावावर टाकला होता. ती फोन हातात धरून बसली असेल. घरी यावं असं बापाला वाटतंय की नाही, हेच तिला समजलं नसेल. एका अक्षराची तर गोष्ट, ये. तेवढं तिला बापानं लिहिलं नाही.

अच्युतची मान खाली गेली.

“आक्का, मला लिहिता येईना हो,” तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून वाहायला लागले. “ये म्हणायचं म्हणजे... कुमुद आता जाणार, हे मी माझ्या तोंडानं म्हणायचं. तेवढं सोडून बाकी सगळं लिहिलं. विमानं लिहिली. तास लिहिले.”

आक्कांनी सूप बाजूला सारलं. त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. हात खरखरीत होता आणि त्याला वालाचा वास येत होता.

“कुमुद विचारायची,” तो मधेच म्हणाला. “ठकू निघाली का हो? मी तिलासुद्धा तास सांगायचो. आज निघाली तर उद्या ह्या वेळेला, असं. ती म्हणायची, तुमचं गणित राहू द्या, तिला हाक मारा. मला वाटायचं, तापात बोलतेय.”

“ती तापात न्हवती.”

“नव्हती.”

कुमुद आयुष्यभर हेच म्हणत आली होती. स्वयंपाकघरातून ती अहो अहो करत राही आणि हा आपल्या खोलीत नकाशात डोकं घालून बसे. शेवटी ती दारात येऊन कमरेवर हात ठेवून म्हणे, अहो, निदान ओ तरी द्या! त्यावर हा म्हणे, ऐकू आलं होतं मला. जसं काही ऐकू आलं की झालं.

...

ऊन उतरलं. पलीकडच्या सोंडेवर शेळ्या घराकडे वळलेल्या दिसू लागल्या. आक्का भिंतीचा आधार घेत उठल्या.

“सांज झाली. माझी हाकेची येळ. तुझ्या त्या फोनाला हितं कुठं आवाज येतो?”

“त्या उंबराखाली. कड्याच्या तोंडाशी.”

“मंग चल की.”

“आत्ता?” अच्युत दचकला. लगेच त्याची बोटं हिशेबाला लागली. “आक्का, आत्ता तिकडे पहाट असेल. पुरतं उजाडलंसुद्धा नसेल. ती झोपलेली असणार. रात्री नऊनंतर केला तर तिकडे...”

“मी इचारलं का, तिकडं किती वाजल्यात?”

त्यानं बोटं मिटली.

दोघं उंबराखाली आली. अच्युतनं फोन हातात धरला. काय बोलायचं ते त्यानं वाटेतल्या वीस पावलांत मनाशी जुळवून ठेवलं होतं. आधी श्राद्धाची तिथी सांगायची. मग ह्या दिवसांत कुठली विमानं सोयीची ते. मग हळूच, जमलं तर, चुकलं माझं, असं.

त्यानं नंबर लावला.

घंटी वाजत राहिली. एकदा, पुन्हा, पुन्हा. कुणी उचलेना. त्यानं आक्कांकडे बघितलं. आक्का समोरच्या डोंगराकडे बघत होत्या.

घंटी बंद पडली.

“उचलत नाही,” तो म्हणाला. “म्हटलं नव्हतं मी?”

“मी किती दिस मारली, मोजलंस का?”

त्यानं पुन्हा नंबर लावला. नाहीच उचलला तर... तेव्हा त्याला कळलं की वर्षभर आपण निवाडा मागत नव्हतो, आपण पोर मागत होतो.

घंटी थांबली.

पलीकडे कुणाचा तरी श्वास ऐकू आला. मग झोपेतला, घाबरलेला, बारीक आवाज.

“...बाबा?”

तिथी, विमानं, जुळवलेलं सगळं क्षणात पळालं. घशात एकच अक्षर उरलं होतं.

“ओ,” अच्युत म्हणाला.

त्यानं फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

“ओ गं, ठकू. ओ.” त्याला आता थांबवता येईना. “उशीर झाला मला द्यायला. ये गं. तू विचारलं होतंस ना... येऊ का म्हणून? ये. ये बाळा, घरी ये.”

मग देठाच्या पलीकडे एक मुलगी हुंदके देऊन रडू लागली, आणि कड्यावर एक म्हातारा होऊ घातलेला माणूस उंबराला टेकून खाली बसला. मधूनमधून दोघं काहीतरी बोलत होती. तिला आईच्या हातचे भोपळ्याचे घारगे आठवत होते, हे एवढं आक्कांना ऐकू आलं. बाकीचं ऐकायला नको म्हणून त्या दोन पावलं पुढे सरकल्या.

फोन ठेवून झाला तेव्हा अंधारायला आलं होतं. अच्युतनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चेहरा लहान मुलासारखा धुतलेला दिसत होता.

आक्कांनी तोंडाभोवती दोन्ही हात धरले.

“येसूबाऽऽऽ!”

हाक दरीवरून गेली. मग समोरून, धुराच्या शेजारून, स्वच्छ आवाज आला.

“ओऽऽऽ!”

“उद्याच्याला दूध वाढीव आण रंऽऽ! घारगं करायचं हाईत!”

“कोण आलंया काऽऽऽ?”

अच्युत गडबडला. सवय ती सवय. त्यानं आक्कांच्या पदराला हलकेच धरलं.

“अहो आक्का, ती अजून निघालीसुद्धा नाही! तिकीट काढायचंय, सुट्टी मिळायचीय, आणि निघाली तरी मधलं थांबणं धरून पुरा एक दिवस...”

आक्कांनी पदर सोडवून घेतला आणि कड्याच्या आणखी जवळ जाऊन, होता नव्हता तेवढा श्वास छातीत भरून हाक दिली.

“आपली पोर आलीया, येसूबाऽऽऽ!”